सतरा तारखेचे सहावे थोर पुरुष

दाताच्या दवाखान्याच्या जिन्यावर सकाळी आठलाच दोन रांगा लागत. एक पहिल्या मजल्यापर्यंत, गाल सुजलेल्यांची. दुसरी त्याच्या वरच्या हॉलपर्यंत, नशीब फुगवून घ्यायला आलेल्यांची. दोन्हींकडे तोंडं उघडीच असल्यामुळे गफलत व्हायची. दाढदुखीचे एक गृहस्थ चुकून वर गेले आणि आपल्या जन्मतारखेला तीन सेनापती जन्मले होते, हे ऐकून खाली आले. दाढ दुखतच होती, पण आता ते ती सेनापतीसारखी सोसत होते.

वरच्या हॉलमध्ये तारीखबाबा बसत. त्यांचा चमत्कार दोन भागांत होता. दारात त्यांचा मेहुणा प्रत्येकाला एक चिठ्ठी आणि खाली धरायला रेक्झिनचं पॅड द्यायचा. आपण जन्मतारीख लिहायची, चिठ्ठीची घडी घालून मुठीत धरायची, पॅड परत करायचं. मग मेहुण्यानं बाबांच्या कानात नंबर सांगितला की पुढे जायचं. बाबा मुठीला हातही लावत नसत. डोळे मिटायचे, हवेत काहीतरी हुंगल्यासारखं करायचे आणि तारीख सांगायचे. अचूक! चमत्काराचा हा पहिला भाग.

दुसऱ्या भागात बाबा मांडीवरची लाल कापडी वही उघडायचे आणि त्या तारखेला जगात कोणकोण थोर जन्मलं, ते वाचायचे.

"बाळा, एकेका तारखेला आकाशाची एकेक खिडकी उघडते," बाबा म्हणायचे. "त्या खिडकीतून सम्राट उतरले, कवी उतरले. आणि त्यांच्यामागोमाग कोण उतरलं?"

"कोण?"

"तू!"

समोरचा ड्रायक्लीनिंगवाला ढसाढसा रडायचा. चाळीस वर्षं लोकांच्या पँटी इस्त्री करताना आपण सम्राटाच्या खिडकीतून आलो आहोत, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं मी मजेनं बघत राहिलो असतो, पण माझी ताई नववा महिना लागून बसली होती. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या महिन्याची पाच-सहा तारीख सांगितली होती. बाबांनी भावोजींना सांगितलं, "पाच-सहा कशाला? त्याआधी सतरा येते. सतराची खिडकी सगळ्यांत मोठी." (महिना सांगत नाही. त्या दिवशी जन्मलेले वाचक उगाच मला पत्रं लिहितील.)

भावोजींनी लगेच गावाच्या दुसऱ्या टोकाला असं एक हॉस्पिटल शोधलं, जे सांगाल त्या दिवशी ऑपरेशन करून मूल हातात देतं. सतराची सकाळी दहाची वेळ ठरली. म्हणजे जवळजवळ तीन आठवडे आधी. आमच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की मुलाची फुप्फुसं अजून तयार व्हायची आहेत, कारण नसताना बाहेर काढलं तर श्वासाला त्रास होऊ शकतो.

"मी काय टपालपेटी आहे?" ताई म्हणाली. "तुम्ही म्हणाल त्या वेळेला उघडायची आणि आतलं काढायचं?"

पण रात्री भांडी आवरताना मला हळूच म्हणाली, "मी नाही म्हटलं आणि मूल साधंसुधं निघालं, तर जन्मभर ऐकवतील रे. गणितात कमी मार्क पडले तरी म्हणतील, आईनं सतराला नकार दिला."

दहा तारखेला मी भावोजींबरोबर हॉलवर गेलो. बाबांनी आशीर्वाद म्हणून सतराची यादी पुन्हा वाचली.

"एक सम्राट. दोन शास्त्रज्ञ. एक गायिका. एक नाविक, ज्यानं अर्धा समुद्र पालथा घातला. आणि सहावे..." बाबांनी वही छातीशी धरली. "घुबडाच्या जांभईवर चाळीस वर्षं संशोधन करणारे महर्षी! त्यांचा आत्मा रोज पहाटे माझ्याशी बोलतो."

मागे एक बाई हुंदका देऊन रडली. घुबडाच्या जांभईचा महर्षी मी जन्माला घातला होता.

आता कबुली देतो. आमच्या सायंदैनिकात 'आज जन्मलेले' नावाची चौकट असते. ती मी लिहितो. चौकट सहा ओळींची. पाचच ओळी दिल्या की पान लावणारे काका ओरडतात, "भोक पडलं! आता संपादक त्यात मुळव्याधीची जाहिरात घालतील!" त्यामुळे सहावा थोर माणूस नाही सापडला तर मी तयार करायचो. तीन वर्षांत मी एक बासरी गिळलेला संगीतकार, एक उलटा चालणारा प्रवासी आणि हा महर्षी, असे तिघे जगाला दिले. महर्षीला नाव सुचेना, म्हणून आमच्या ऑफिसात चहा आणणाऱ्या काकांचं लावून टाकलं. तीन वर्षांत एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. माझी समजूत होती, की ती चौकट कोणी वाचत नाही.

जिन्यात मी भावोजींना गाठलं.

"भावोजी, तो सहावा माणूस मी बनवलाय."

"तू? तुला चहा बनवता येत नाही."

"म्हणजे बाबा आमच्या पेपरची कात्रणं वाचतायत."

"आणि माझी तारीख? चिठ्ठी माझ्या मुठीत होती. तीही तुझ्या पेपरात छापली होती का?"

भावोजी वकिलासारखे छाती काढून खाली उतरले. ते आहेत पाणीपुरवठा खात्यात.

दुसऱ्या दिवशी मी चहावाल्या काकांसमोर उभा राहिलो. "काका, तुमच्या नावावर मी एक पाप केलंय."

सगळं ऐकून त्यांनी किटली खाली ठेवली. "किती वर्षं संशोधन केलं म्हणतोस मी?"

"चाळीस."

"आणि कशाची जांभई?"

"घुबडाची."

"घुबड मी एकदाच बघितलंय. वहीच्या कव्हरावर. ते जागंच होतं." मग म्हणाले, "तो बाबा तारीख सांगतो ना रे? मग मला माझी विचारायचीय. आईला आठवत नव्हती. नोकरीत, तारीख माहीत नसलेल्या सगळ्यांसारखी, एक जानेवारी लिहून टाकली. साठ वर्षांत आपला वाढदिवस कधी, तेच कळलं नाही."

ते थट्टा करत नव्हते. मला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

तारीखच माहीत नसलेला माणूस समोर आला तर बाबा काय करतात, ते बघायला बारा तारखेला आम्ही हॉलवर गेलो. मी, काका, भावोजी आणि ताई. ताईला जिने चढायला बंदी होती, पण ती म्हणाली, "माझ्या पोटाची तारीख ठरवणाऱ्या माणसाचं तोंड तरी बघू दे." भावोजी तिच्यामागे दोन्ही हात पसरून चढत होते, जणू ती घरंगळली तर झेलणार होते.

काकांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'माहीत नाही.' घडी घातली, मूठ मिटली.

बाबांनी डोळे मिटले, हुंगलं आणि दचकले. मग आवाज चढवून म्हणाले, "आकाश म्हणतं, या बाळाला स्वतःची तारीखच माहीत नाही!"

हॉलमध्ये एकच गलका. लोक उठून उभे राहिले. भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझाही नास्तिकपणा थोडा डळमळला. आमचा सुरुंग आमच्याच खाली फुटला होता.

"मग सांगा ना, बाबा," काका हात जोडून म्हणाले. "कुठली तारीख माझी?"

बाबा आता जोरात होते. "सतरा! महर्षींची खिडकी!" त्यांनी वही उघडून सहावी ओळ नावासकट वाचली.

"हे नाव माझंच आहे," काका म्हणाले.

"बघा! नावसुद्धा तेच! आकाशाची योजना!"

"बाबा, ते नाव मी टाकलं होतं," मी ओरडलो. "ओळ कमी पडली म्हणून!"

"बाळा," बाबा शांतपणे म्हणाले, "तुझ्या हातून ते कोणी लिहून घेतलं?"

टाळ्या पडल्या. खरं सांगतो, क्षणभर मलाही अभिमान वाटला.

एवढ्यात मागून ताईचा आवाज आला. "हे पॅड कोणी बांधलंय?"

ताई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम करते. तिला कुठलीही वस्तू हातात दिली, की ती आधी पाठ बघते, मग कडा. मेहुण्यानं तिलाही चिठ्ठी-पॅड दिलं होतं आणि इतका वेळ ती त्यावर अंगठा फिरवत बसली होती.

"एका पुठ्ठ्याच्या पॅडला एवढी जाडी येत नाही," ती म्हणाली. "आणि रेक्झिन तीनच बाजूंनी चिकटवलंय. चौथी बाजू मोकळी. शिकाऊ पोरगीसुद्धा असं सोडणार नाही. मुद्दाम सोडलंय."

"बाई, पॅड द्या इकडं," मेहुणा धावला.

"हात लावू नका, मी नवव्या महिन्यात आहे," ताई म्हणाली. मेहुणा जागच्या जागी थांबला. या वाक्याचा इतका चांगला उपयोग मी पूर्वी पाहिला नव्हता.

तिनं मोकळ्या कडेत बोटं घातली. आतून निघाला एक कार्बन कागद आणि त्याखाली एक पांढरा. काकांचं पॅड मेहुण्यानं आत नेलं होतं आणि बाबांच्या कानात 'नंबर' सांगून झाल्यावर शेजारच्या खुर्चीवर आणून ठेवलं होतं. ताईनं तेही उघडलं. आतल्या कागदावर काकांच्या वळणदार अक्षरात निळंशार उमटलं होतं: माहीत नाही.

"आकाशानं कार्बन वापरलाय," ताई म्हणाली.

मग ड्रायक्लीनिंगवाल्यानं चिठ्ठी लिहिलेली आपली बोटं निरखून पाहिली, हसला आणि मग सगळा हॉल हसला. कोणीतरी लाल वही उचलली. आत आमच्याच पेपरची तीन वर्षांची कात्रणं, बेतानं चिकटवलेली. सतराच्या कात्रणाखाली घाईत कापताना मुळव्याधीच्या जाहिरातीचा अर्धा तुकडाही आला होता. बाबांनी तो वाचला नव्हता, एवढा विवेक त्यांच्यात होता.

बाबा आणि मेहुणा मागच्या जिन्यानं गेले. जाताना चुकून दवाखान्याच्या रांगेत शिरले आणि कंपाउंडरनं त्यांना नंबर दिला, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण भावोजी पाणी खात्यातले. गळती एका ठिकाणी बुजवली, की दुसरीकडून सुरू.

"कार्बन खोटा, कबूल," घरी आल्यावर ते म्हणाले. "घुबडही खोटं. पण उरलेले पाच? ते तर खरेच सतराला जन्मले! सकाळी दहाची वेळ आपण रद्द करायची नाही."

ताईनं चपला घातल्या आणि आम्हाला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी ऐकून घेतलं आणि एक जाडजूड रजिस्टर टेबलावर ठेवलं. उघडलं नाही, नुसता हात ठेवला. "एकतीस वर्षं इथं बाळंतपणं करतेय. दर वर्षी ही सतरा तारीख येते. सव्वीस मुलं मी त्या तारखेला हातात घेतली. त्यातली काही आता स्वतःची मुलं घेऊन येतात, म्हणून माहीत आहेत. एक ट्रक चालवतो. एक गणित शिकवते, पोरं तिला घाबरतात. एक रेडिओ दुरुस्त करतो, आमचाही त्यानंच बिघडवला. एक तुरुंगात आहे. सम्राट अजून एकही नाही."

"पण यादीत—"

"यादी कशी करतात, हे याला विचारा." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सांगितलं. "भावोजी, आम्ही आधी थोर माणसं शोधतो आणि मग त्यांची तारीख बघतो. तारखेला जन्मलेली बाकीची लाखो माणसं चौकटीत बसत नाहीत म्हणून गाळतो. वर्षातल्या कुठल्याही दिवशी पाच थोर सापडतात. न सापडलेल्या सहाव्यासाठी मी आहेच."

"आता तुम्ही सांगा," बाई भावोजींना म्हणाल्या. "तुमच्या ओळखीत सतराचं कोणी?"

"नाही," भावोजी म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. "एक आहेत. दर वर्षी आम्हीच केक आणतो."

"कोण?"

"आमचे साहेब."

हे ते साहेब, ज्यांच्याबद्दल भावोजी रोज संध्याकाळी बूट काढता काढता अर्धा तास बोलतात आणि त्यातलं एक वाक्यही मी छापू शकत नाही. ते भिंतीकडे बघत होते. बहुधा पाळण्यात साहेब दिसत असावेत, फायली फेकून मारताना.

"सतरा नको!" ते एकदम उठले. "काहीही झालं तरी सतरा नको!"

"खाली बसा," बाई म्हणाल्या. "सतरानं महर्षी होत नाही, तसा साहेबही होत नाही. तुमची भीती आणि तुमची हाव, दोन्ही एकाच कॅलेंडरला टांगलेल्या आहेत. मुलाची तारीख त्याच्या फुप्फुसांना माहीत आहे. त्यांची वाढ पुरी होऊ द्या. अडचण आली तर मी स्वतः ऑपरेशन करीन, पण ते मुलासाठी. यादीसाठी नाही."

भावोजी बसले. मग ताईला म्हणाले, "तुला जिने चढायला लावले मी."

"चढले नसते तर पॅड कोणी उघडलं असतं?" ताई म्हणाली. "पण आता रिक्षानं घरी न्या. महर्षींची आई दमलीय."

सतरा आली आणि गेली. सकाळी दहाला ताई झोपली होती. पुढच्या महिन्याच्या चार तारखेला, डॉक्टरीणबाईंचाही अंदाज एका दिवसानं चुकवून, मुलगी झाली. इतकी मोठ्यानं रडली, की फुप्फुसांबद्दल कोणाला शंका उरली नाही.

त्याआधी मी पेपरात खुलासा छापला होता: बासरी गिळलेला संगीतकार, उलटा प्रवासी आणि महर्षी, तिघंही कधी जन्मले नव्हते, चूक माझी. त्यावर मात्र सदतीस पत्रं आली. बारा जणांना महर्षींच्या निधनाचं दुःख झालं होतं. चहावाल्या काकांना मी विचारलं, वाढदिवस कुठला घेणार? ते म्हणाले, "कुठलाही घेईन. तुमच्या यादीत जागा असेल तो सोडून."

तर वाचकहो, तुमच्या तारखेला कोण सम्राट जन्मला, ते खुशाल वाचा. चौकट मीच लिहितो, मला बरं वाटेल. पण त्यासाठी कोणाच्या पोटाला हात लावू नका आणि कोणी तुमच्या मुठीतलं ओळखलं, तर आधी मुठीखालचं पॅड उघडून बघा.

चार तारखेला माझ्या चौकटीत पाचच थोर सापडले. पान लावणारे काका ओरडले, "भोक पडलं!" मी सहावी ओळ लिहून दिली आणि या खेपेला ती अक्षरशः खरी होती:

एक मुलगी, वजन तीन किलो. काय करणार, ते अजून ठरायचं आहे.