दुसऱ्यांदा वाढून घेतलेली भाजी

मत्सर हा प्रेमाचा सर्वांत शुद्ध पुरावा होय. कोर्टात तेवढ्यावर भागत नाही, एवढीच अडचण.

अमडापूरचे कृषी केंद्रवाले प्रसेनजित पत्नीपासून घटस्फोट घ्यायला बुलढाण्याला निघाले, तेव्हा पत्नीलाही सोबत घेतलं. तिला घरी एकटं ठेवावं, तर त्यांचा मित्र अश्वजितचं घर गल्लीतच. एसटीत त्यांनी समताला खिडकीशी बसवलं आणि स्वतः अलीकडे बसले. तिच्या शेजारी दुसरं कोणी बसायला नको.

प्रकरण रोडग्यांच्या जेवणाचं होतं. शेतातल्या या जेवणात रांधायचं काम पुरुषांकडे असतं. त्या दिवशी प्रसेनजितनं गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे जाड रोडगे भाजले, डोळे लाल होईस्तोवर. वांग्याची भाजी अश्वजितनं केली. समतानं भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊजी, अशी भाजी मी जन्मात खाल्ली नाही." रोडग्यांबद्दल ती काहीच बोलली नाही.

बुलढाण्याच्या अनुपमाताई वकिलांनी हे शांतपणे ऐकून घेतलं.

"व्यभिचार लावा," प्रसेनजित म्हणाले.

"कशावरून?"

"दोनदा घेतली न भाजी."

"त्याला शरीरसंबंध लागतो, भाऊ. भाजी त्यात बसत नाही."

"मंग छळ लावा. तवापासून मले झोप नाही."

"हे रात्रभर कूस बदलतेत," समता म्हणाली. "झोप तं मले नाही, ताई."

"तुम्ही यांना सोडून कधी गेल्या होतात का?" वकीलबाईंनी तिला विचारलं.

"जाऊ कुठं देतेत? साखरखेर्ड्याले माहेरी गेली तरी हे संगं. माह्या आईनं तं ह्यांच्यासाठी येगळी खाटच घेऊन ठेवली."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला. "मग परस्पर संमतीचाच रस्ता उरतो. आरोप नको, पुरावा नको. फक्त दोघांची तयारी पाहिजे."

प्रसेनजितनं समताकडे पाहिलं. आता ही रडेल, पदर डोळ्याला लावेल, असा त्यांचा अंदाज होता. रडणाऱ्या बायकोला माफ कसं करायचं, हे ते एसटीत ठरवूनच आले होते.

"हाव," समता म्हणाली. "सही कुठं करू?"



"काऊन व, एवढी घाई?" प्रसेनजितनं विचारलं. "त्याले इचारून आली का?"

"कोणाले?"

"अश्वजितले."

"त्याले काय इचारू? तो तं भाजीचा मसालाबी सांगत नाही."

"म्हंजे मसाला इचारला तू त्याले."

समतानं वकीलबाईंकडे पाहिलं आणि हात जोडले.

"माही संमती नाही," प्रसेनजित म्हणाले. "मी हिले मोकळी करू, अन् फावन त्याचं. हे नाही जमत."

"तसाही अर्ज आज होत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "आधी वर्षभर नवरा-बायकोला वेगळं राहावं लागतं. समताताईंना माहेरी पाठवा. मग बघू."

"एकटीले?"

"एकटीला."

"अन् तिथं हिच्यावर ध्यान कोण ठेवन?"

वकीलबाईंनी फाइल मिटली.  प्रसेनजितनं खुर्ची पुढं ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, मीबी हिच्यासंगं तिथं राह्यलो तं चालन का?"

तशी तरतूद कायद्यात नाही.