कॉमन वॉशरूम

उमाच्या सासूबाईंच्या, ताराबाईंच्या खोलीतली वॉशरूमला लागून असलेली भिंत आतून पाझरत होती, आणि टोरोंटोच्या एटोबिको भागातल्या त्या आख्ख्या कॉंडो बिल्डिंगमध्ये कुणी तिकडे बघायला तयार नव्हतं. नियम तसा साधा. सिंकखालचा पाइप गळला तर फ्लॅटच्या मालकाने बघायचं, भिंतीच्या आतला गळला तर बिल्डिंगने. मग हे बिल्डिंगचंच काम, नाही का? उमाने लगेच बिल्डिंगच्या ऑफिसला फोन केला होता. कॉमन वॉशरूमच्या भिंतीतला पाइप लीक होतोय, माणूस पाठवा. "शुअर," म्हणाली तिथली बाई, अगदी गोड आवाजात.

शुअर कसलं डोंबलाचं! दाराशी कुणी फिरकलं नाही. उमाने पुन्हा फोन केला, तर म्हणे आमच्या माणसाने कॉमन वॉशरूम तपासलं, सगळं कोरडं आहे.

"डोळे फुटले होते का मेल्याचे?" उमा मराठीतच ओरडली. मग तिने बाहेरचा प्लंबर बोलावला. त्याने हात वर केले. आतला पाइप बिल्डिंगचा, मी भिंत फोडणार नाही. नवरा विक्रम नोकरीसाठी कॅल्गरीला. तो फोनवर सांगायचा, "फॉलो अप कर." जीव मेटाकुटीला आला होता तिचा फॉलो अप करून.

ताराबाईंची छाती आधीच नाजूक. भिंतीवर काळी बुरशी चढली तसा त्यांचा खोकला वाढला. उमाने त्यांचं अंथरूण हॉलमध्ये आणलं, पण तो कुबट वास घरभर होताच. ताराबाईंना धास्ती एकच. "मला हॉस्पिटलात टाकू नकोस गं उमा. तिथलं एक अक्षर मला कळत नाही. एकटी पडून मरेन मी."

"काहीतरीच काय बोलता, आई!" उमा म्हणाली.

ताराबाईंना ताप चढला, तेव्हा उमा तरातरा खाली ऑफिसात गेली आणि मॅनेजरसमोर उभी राहून अक्षरशः रडली. तो बिचारा गडबडला. "चला, तुम्हीच बघा," म्हणत तो तिला लॉबीमागच्या पार्टी रूमजवळ घेऊन गेला आणि एक दार उघडलं. पाहुण्यांसाठीचं वॉशरूम. लखलखीत, कोरडं ठणठणीत.

"हेच आपलं कॉमन वॉशरूम," तो म्हणाला.

उमा बघतच राहिली. अगं बाई! बेडरूमला जोडलेलं ते अटॅच्ड, आणि दुसरं ते कॉमन. लग्नाआधीपासून ती हेच म्हणत आली होती. इथे कॉमन म्हणजे सगळ्या बिल्डिंगचं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"माझ्या घरातलं! माझ्या घरातलं वॉशरूम!" ती किंचाळली.

पुढे सगळं भराभर झालं. मॅनेजर धावत वर आला, पाणी बंद झालं, भिंत फोडली. पाइप बिल्डिंगचाच निघाला. जबाबदारी आमची, सगळं आम्ही करून देऊ, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. तोवर ताराबाईंना श्वास पुरेना, म्हणून उमाने ॲम्ब्युलन्स बोलावली होती.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी उमाला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार आशा धरू नका. ती कॉटजवळ आली. ताराबाईंनी मास्क बाजूला सारला.

"पाइप झाला का गं नीट?"

"झाला, आई."

"मग चल ना घरी."

"हो, आई. उद्याच जाऊ," उमा म्हणाली, आणि त्यांचा मास्क नीट बसवला.