बोट वाकवून

सावली काळी असते, असे उन्हात राहणारी माणसे म्हणतात. महाबळेश्वरच्या जांभळींखाली नांदणाऱ्या सावलीला मात्र रंग आहेत. पहाटे ती राखाडी, सकाळी शेवाळी, माध्यान्ही ताम्रवर्णी. आणि आषाढात, दाराशी धुके येऊन उभे राहिले की ती दुधाळ, ओलसर, आंधळी.

त्या दुधाळ, ओलसर, आंधळ्या सावलीत कुमुदिनीबाई टिपणिसांची बाग होती.

बाग म्हटल्यावर वाचकाच्या डोळ्यांपुढे जे काही आले असेल, ते त्याने कृपा करून परत न्यावे. तिथे गुलाब नव्हता, जास्वंद नव्हती, मोगऱ्याने केव्हाच राजीनामा दिला होता. तिथे होती पूर्वेकडल्या अरण्यांची छायाप्रिय, शीतप्रिय, एकान्तप्रिय लेकरे. आसामच्या रानातले वाघूळफूल, काळे, पंखपसरे, हातभर मिशांचे. चिनी डोंगरातली एक लाजरी वनस्पती, जी आपले तपकिरी फूल पानांखाली, मातीला गाल लावून, चोरून फुलवते. रानबेगोनियाची पाने, ज्यांवर चांदण्याला बुरशी चढावी तशी नक्षी. पाहुणे येत, पाहत, आणि रोप न मागता परत जात. याहून मोठा मान कुठल्याही बागेला मिळालेला नाही.

आणि या सगळ्यांच्या मधोमध, एका लहानशा वाफ्यात, काहीच नव्हते.

काहीच नव्हते, म्हणजे माती होती. मातीत रोवलेली एक बांबूची काठी होती. पावसाळ्यात इथले बंगले गवताच्या झडी पांघरून बसतात; त्या झडींतला उरलेला तुकडा काठीवर छपरासारखा बांधला होता. आणि त्या छपराखाली, मातीच्या पोटात, हिमालयी सापकांद्याचा एक कंद होता. किंवा नव्हता. कुजला असेल, तर नव्हता.

सापकांदा नावाप्रमाणेच वागतो. त्याच्या फुलावर फणा असतो: हिरवा, जांभळ्या रेघांचा, पुढे झुकलेला, आतल्या अंधारात जिभेसारखे काहीतरी लांबवणारा. सह्याद्रीतला त्याचा गरीब भाऊ दरवर्षी उतारावर उगवतो, फणा काढतो आणि मिटतो. कुमुदिनीबाईंचा मात्र दार्जिलिंगकडचा, बीपासून वाढवलेला. किती वर्षे त्याने एकच पान दाखवून बोळवण केली. गेल्या हिवाळ्यात कंद लिंबाएवढा लागला हाताला, आणि बाई म्हणाल्या, यंदा फूल. वैशाख सरला. ज्येष्ठ सरला. उतारावरचे गरीब भाऊ फणे मिटून मोकळे झाले. वाफा गप्प.

असा कंद कधीकधी रुसतो आणि अख्खे वर्ष मातीत पडून राहतो. उकरून पाहिले तर तो मरतो. न पाहिले तर माणूस मरतो.

एरवी बाई वर्षभर थांबल्या असत्या. जन्मभर साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईला थांबता येते. पण त्यांच्या दृष्टीच्या ऐन मध्यावर एक डाग पडला होता आणि तो पसरत होता. ज्याच्याकडे सरळ पाहावे तेच नाहीसे होई. कडेकडेचे तेवढे दिसे. नवऱ्याचा चेहरा पाहायचा असेल तर त्या त्याच्या कानाकडे पाहत. डॉक्टरांनी पुढच्या पावसाळ्याबद्दल बोलायचे टाळले होते. तेव्हा फूल यंदा. यंदा नाही, तर फूल फुलेल, पण कुणासाठी?

नवऱ्याचे नाव मधुसूदनराव. पाटबंधारे खात्यात असताना त्यांनी भल्याभल्या नद्या अडवल्या, भल्याभल्या मंत्र्यांना धरणाच्या काठावरून चालवत नेले. भीती त्यांना एकाच गोष्टीची होती, आणि तिचे नाव ते घेत नसत. दिवेलागणीनंतर त्या प्राण्याला ‘लांबडं’ म्हणावे अशी आपल्याकडे रीत आहे. मधुसूदनरावांनी ती दिवसालाही लागू केली होती. नातवंडांशी तो प्रसिद्ध खेळ खेळताना ते फक्त शिड्यांविषयी बोलत. अशा गृहस्थाच्या अंगणात बायकोने फणा काढणारी झाडे लावावीत, यात दैवाचा हात असेलच असे नाही; बायकोचा नक्की होता.

मग ती सकाळ आली. धुके इतके दाट की झाडांना आपापले हात सापडत नव्हते. बाई वाफ्यापाशी वाकल्या, मान तिरपी केली, डोळ्यांच्या कडेने पाहिले, आणि हलकेच म्हणाल्या, “अहो, आला.”

त्यांनी तर्जनी उचलली, मधल्या पेरात वाकवली आणि त्या वाकड्या बोटाने दाखवले. कोवळ्या काकडीला, कोवळ्या पडवळाला सरळ बोट दाखवले की ते कुजते, अशी बायकांची समजूत आहे. बाई दरवर्षी पहिल्या तासाला वर्गापुढे त्या समजुतीची यथास्थित चिरफाड करत. आणि घरी येऊन, बोट वाकवून, कोंब दाखवत.

मधुसूदनराव त्या बोटाच्या दिशेने पाहते झाले.

काठीला वेटोळे घालून, झडीच्या छपराखाली, पाचूचा एक धागा बसला होता. हिरवा, ताजा, न्हालेला, निश्चल. धाग्याच्या टोकाला त्रिकोण होता. त्रिकोणाला डोळा होता. पिवळा, उभ्या फटीचा, पापणी नसलेला.

चापडा. बांबूत राहणारा, बांबूसारखा दिसणारा, बांबूसारखा गप्प बसणारा. आणि विषाच्या बाबतीत बांबूसारखा मुळीच नसणारा.

“कसा सुरेख हिरवा आहे नाही?” बाई म्हणाल्या.

मधुसूदनराव म्हणाले की हो, हिरवा आहे.

भीतीच्या आत भीती असते, कांद्याच्या आत कांदा असावा तशी. वरची पाकळी त्या पिवळ्या डोळ्याची. ती सोलली की खालची: कुमुदचा हात. आणि तीही सोलली की सगळ्यांत आतली, पांढरी, थंड, डोळ्यांत पाणी आणणारी. दहा पावलांवरून नेच्याची जात सांगणाऱ्या कुमुदला हातभर अंतरावरचा साप दिसला नव्हता. एवढे गेले होते डोळे. इतके गेले होते, आणि तिला माहीत नव्हते. आणि आता ते फक्त त्यांना माहीत होते.

सांगावे? सांगितले की फूल जाईल आणि डोळेही जातील, एकाच वाक्यात. खालच्या आळीतल्या बाबू ढेब्याला बोलवावे? बाबू आधी काठी घालतो आणि मग विचारतो काय होते. त्या काठीखाली कंदाचा चेंदा होईल. तेव्हा मधुसूदनरावांनी खात्यातल्या जुन्या मार्गाचा अवलंब केला. त्यांनी काहीच केले नाही, आणि ते करताना अतिशय थकले.

चापडाही सरकारी नोकरासारखाच. एकदा जागा मिळाली की हलत नाही. रोज सकाळी बाई येत. रोज त्याच्यापुढे गुडघे टेकून बसत. प्रवासात फार उशीर केलास म्हणून रागावत, पाऊस सोसतोय ना म्हणून विचारत, डोंगराकडची थंडी इथे नाही त्याबद्दल क्षमा मागत. तो ऐकत असे. बाईंनी त्याला हात लावला नाही, कारण पान सुटेपर्यंत कोंबाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. आणि रोज, त्यांच्या पाठीमागे, छत्री घेऊन मधुसूदनराव उभे. छत्री थरथरे. बाई म्हणत, वारा आहे वाटतं. ते म्हणत, आहे थोडा. धुक्यात एक पानही हलत नसे.

ज्या बागेला ते आजवर टाळत आले, ती बाग आता त्यांनी तिळातिळाने पाहिली. वाघूळफुलाच्या मिशा त्यांच्याकडे वळत. बेगोनियाची पाने कान टवकारत. मुळांची बोटे, वेलींचे वळसे, नेच्यांच्या गुंडाळलेल्या माना. सारी बाग एक मोठे, ओले, श्वास रोखून बसलेले वेटोळे झाली होती, आणि तिच्या मधोमध कुमुदची पांढरी वेणी.

मग एका सकाळी बाई म्हणाल्या, “आज मान वळवलीय त्यानं. माझ्याकडे. उद्या पान सुटेल. उद्या हात लावून बघेन.”

खरेच, त्याने मान वळवली होती.

त्या रात्रीविषयी सांगण्यासारखे काही नाही. मधुसूदनरावांनी ती छतासोबत काढली.

उजाडले, म्हणजे काळोख पांढरा झाला. बाई चहा ठेवत होत्या तेवढ्यात मधुसूदनरावांनी जांभळे काढायची आकडी उचलली, पायांत गमबूट चढवले, नाव घेण्याजोग्या सगळ्या देवांची नावे घेतली आणि वाफ्याकडे निघाले. आकडीच्या टोकाने त्याला अलगद उचलायचे, दरीकडच्या कारवीत सोडायचे, घरी येऊन चहा घ्यायचा. योजना निर्दोष होती. खात्यातल्या सगळ्याच योजना निर्दोष असत.

काठी रिकामी होती.

दिसणारा साप एकच असतो. न दिसणारा सर्वत्र. तो पानाखाली होता, तो पानावर होता, तो पान होता. तो बुटाच्या मागे होता, तो बुटात होता. हिरवा होता म्हणून हिरव्यात होता, निश्चल होता म्हणून साऱ्या निश्चलात होता. मधुसूदनराव उभे राहिले. त्यांच्या उभे राहण्यात आता झाड आणि माणूस असा भेद उरला नव्हता.

आणि धुक्यातून कुमुदिनीबाई आल्या, आपल्या आनंदात, रबरी चपलांत. त्या खाली बसल्या. हात पुढे केला.

काठीच्या बुडाशी, मातीतून, काहीतरी उभे होते. बोटाएवढे जाड, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे, खवल्यांसारख्या नक्षीचे. टोकदार डोके वर, जरासे कललेले. काल नव्हते ते. हिरव्याने जाताना आपला थोरला भाऊ ठेवला होता.

ओरडायला आवाज लागतो. तो मधुसूदनरावांपाशी नव्हता. आकडी हातातून सुटली. कुमुदची बोटे पुढे जात होती, त्यांच्यात आणि त्या ठिपक्यांत वीतभर अंतर राहिले, चार बोटे राहिले. आणि मग त्या अंतरात एक दुसरा हात आला. म्हातारा, शिरांचा, अंगठी घातलेला. त्या हाताने ते डोके मुठीत धरले.

थंड. ओले. गुळगुळीत.

मधुसूदनराव दंशाची वाट पाहत राहिले. दंश आला नाही. मूठ हलली, मुठीतले हलले नाही. त्याला शेपूट नव्हती. त्याला मूळ होते.

“हळू,” बाई म्हणाल्या. “मोडेल.”

त्यांनी नवऱ्याची बोटे एकेक करून सोडवली आणि आपली ठेवली. वाचल्यासारखा हात फिरवला. बुंध्यावरून, ठिपक्यांवरून, टोकापर्यंत. टोकाशी बोटे थांबली. मातीचा एक कण बोटावर आला होता. त्या कणाकडे त्या बघू शकत नव्हत्या, म्हणून त्यांनी तो अंगठ्याने कुस्करला.

“हा आज वर आलाय,” त्या म्हणाल्या. “टोकाला अजून माती आहे.”

जांभळीवरून थेंब पडत होते.

“मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होते?”

काहीही न सांगणारी वाक्ये मधुसूदनरावांना शेकड्याने येत. निवृत्त होतानाही खात्याने ती परत मागितली नव्हती. त्यांतले एकही या वेळी उठून आले नाही.

“पाहुणा होता,” ते म्हणाले.

“लांबडं?”

“हिरवं.”

“चापडा,” बाई म्हणाल्या, वर्गात म्हणाव्यात तशा. आणि मग त्यांचा हात कापू लागला. मांडीवर ठेवला तरी कापत राहिला. चापड्यासाठी नव्हे, तो गेला होता. जे येत होते त्याच्यासाठी. पांढरे, बिनडोळ्यांचे, पावलांचा आवाज नसलेले, मध्याकडून कडांकडे सरकणारे. “एवढंही दिसलं नाही मला,” त्या म्हणाल्या. “एवढं मोठं.”



मग त्यांनी मान तिरपी केली आणि नवऱ्याच्या कानाकडे पाहिले. म्हणजे चेहऱ्याकडे पाहिले. “आणि तुम्ही रोज इथं उभे होतात?”

“तुझ्या मागे होतो,” मधुसूदनराव म्हणाले. “पुढे नव्हतो.”

बाईंच्या ओठांचा एक कोपरा हलला. तेवढाच. हात अजून कापत होता. मधुसूदनरावांनी तो आपल्या हातात घेतला, आणि आता कोणाचा कापतो आहे ते कळेनासे झाले.

“कसा आहे तो, सांगा,” त्या म्हणाल्या. “नीट बघून सांगा. आता तुम्हीच बघायचं आहे.”

मधुसूदनराव ओल्या मातीत गुडघ्यांवर बसले. तोंड त्या ठिपक्यांजवळ नेले. नदी अडवताना लागली नव्हती तेवढी छाती लागली. अंगावर काटा होता, आणि तो तसाच ठेवून ते पाहत राहिले.

“तपकिरी आहे,” ते म्हणाले. “वर गुलाबी झाक. ठिपके एकसारखे नाहीत. खाली दाट, वर विरळ.” ते थांबले. “सापासारखा आहे, कुमुद. अगदी सापासारखा.”

तो शब्द बागेत पहिल्यांदाच उच्चारला गेला. नेच्यांनी तो ऐकला, बेगोनियांनी ऐकला. काही झाले नाही. धुके होते तिथेच राहिले.

“आणि टोक?”

मधुसूदनरावांनी तर्जनी उचलली, आणि मधल्या पेरात वाकवली. शेजारी बाईंचीही वाकली. पाहणारे एक बोट आणि न पाहणारे एक, दोन्ही त्या कोंबाकडे झुकलेली, दोन्ही कापणारी. आणि वर, जांभळीच्या डहाळीवर, पांढऱ्या दुधात, एक हिरवी रेघ, पापणी न लवणारी, जागी. आणि धुके उतरत होते, रेघेवर, पानांवर, वेणीवर, बोटांवर, हळूहळू, हळूहळू, सगळे पुसत, खाली.