खुंट्याचा उत्तररंग

मी एक जुना पितळी खुंटा, मित्रांनो. रत्नागिरीच्या खाडीतल्या ‘जानकी’ या शिडाच्या होडीवर, पुढच्या फळ्यांवर चार बोल्टांनी मला बसवलंय. होडी धक्क्याला लागली की दोर माझ्याच अंगाला गुंडाळतात. चाळीस वर्षांत तो मी कधी सोडला नाही. दर कार्तिकात कीर्तनकार उमाताईंना पलीकडच्या देवळात कीर्तनाला नेण्याचं भाग्यही आमचंच.

पण माझ्या पायाखालचं लाकूड कुजत होतं. बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपे, आणि मालक परशुरामभाऊ दरवर्षी वरून लेप थापून मोकळे होत. गेल्या साली ते पाणी खालच्या कप्प्यात, उमाताईंच्या वडिलांच्या बाजाच्या पेटीवर ठिबकलं. भाता भिजला, सूर गेला. ताईंनी नुसत्या टाळांवर कीर्तन केलं. तेच भाऊंना लागलं.

“यंदा पेटीवर एक थेंब जरी पडला, तर होडी मोडीत!”

“बाबा, पायाला गळू नि डोक्याला मलम लावताय तुम्ही,” त्यांची मुलगी वैदेही म्हणाली. “खुंटाच उचलायला हवा.”

तिनं मला उचललं. खाली लाकूड चहात बुडलेल्या बिस्किटासारखं! ते तिनं खरवडलं, आठ दिवस उन्हात सुकवलं, भोकं इपॉक्सीनं भरून नव्यानं पाडली. मला चिंचेनं घासलं, खाली ताजा लेप देऊन बसवलं आणि बोल्ट हलकेच फिरवले.

भाऊ पाना घेऊन धावले. “आण, करकचून आवळतो!”

“मग लेप सगळा बाहेर. आत काय राहील, तुमचा राग?”

धक्क्यावर आलेल्या उमाताई हसल्या. “भाऊ, कीर्तनात पूर्वरंग झाला की मीसुद्धा थांबते, बुक्का लावून घेते, मगच उत्तररंग. लेप आळू दे.”

भाऊ दोन दिवस मांडीवर पाना घेऊन माझ्याजवळ बसून राहिले, आणि मग त्यांनी बोल्ट आवळले.

उत्सवाच्या दिवशी वारा असा उठला, की लाटा माझ्या डोक्यावरून गेल्या. पलीकडे पोचताच भाऊंनी कप्पा उघडला. उमाताईंनी पेटीवरून हात फिरवला आणि तळवा सगळ्यांना दाखवला. कोरडा ठणठणीत!

“आता मोडीत कोण जातंय, बाबा?” वैदेहीनं विचारलं. भाऊंनी गुपचूप मला हात जोडले.

मित्रांनो, ज्याच्यावर भार टाकता, त्याला कधीतरी उचलून पायाखालीही बघा. ऐका, देवळात पेटीचा पहिला सूर लागला! होडीचा दोर मी धरलाय. भाऊ, तुम्ही खुशाल गजरात जा.