पाव फेरा मागे

मित्रांनो, मी एक जुना टेन्शनर आहे. आणि जुना म्हणजे निकामी, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी वाद घालायला मी आजही तयार आहे.

आधी माझे काम सांगतो. मोटरसायकलच्या इंजिनात एक बारीक साखळी फिरते. तिला टायमिंग चेन म्हणतात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांना ती एका तालात चालवते. ती सैल पडली की कडकड वाजते, आणि फारच सैल पडली तर चाकाचा दाता सोडते. मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि इंजिनाचा निकाल लागतो. असे होऊ नये म्हणून गाईड पट्टी बाजूने साखळीला रेटते आणि त्या पट्टीला मी रेटतो. बोटभर लांबीचा बोल्ट, त्याच्या मानेवर, तो फिरू नये म्हणून आवळायचा एक चेकनट आणि अॅल्युमिनियमचा चपटा ठोकळा, एवढेच माझे शरीर.

माझ्या कुळात दोन शाखा आहेत. एका शाखेच्या पोटात स्प्रिंग असते आणि ती आपोआप पुढे सरकते. मला मात्र माणसाने पाना लावून पिळावे लागते. येथे कोणी विचारील की, जे आपोआप होते त्यासाठी हात काळे का करावेत? प्रश्न रास्त आहे. पण स्प्रिंग थकते, आतले दाते झिजतात आणि तो आपोआप चालणारा भाऊबंद एके दिवशी न सांगता मागे सरकतो. मला जेथे ठेवाल तेथे मी राहतो. हा माझा गुण, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर दोषही हाच. कारण चुकीच्या जागी ठेवलेत तर मी तेथेही राहतो.

मला एका टर्नरने लेथवर घडवले. माझे आटे त्याने बारीक काढले आणि तीनदा मोजले. "घाईच्या माणसाला देऊ नका हा," असे त्याने दुकानदाराला बजावले होते. दुकानदाराने नेमका घाईच्याच माणसाला दिला. त्या गृहस्थाने साखळी गप्प झाल्यावरही मला पिळतच नेले. ताणलेली साखळी कण्हू लागली, गाईड पट्टी दोन महिन्यांत झिजली आणि दोष आला माझ्यावर. मला परत काउंटरवर आदळण्यात आले. पुढली कित्येक वर्षे मी बिस्किटांच्या डब्यात, ज्यांची जोडी हरवली आहे अशा नटबोल्टांच्या संगतीत काढली.

मग एका शनिवारी सकाळी सासरे आणि सून दुकानात आले. सासरे म्हातारे मेकॅनिक. सूनबाई दुसऱ्याच दिवशी डोंगरचढणीच्या शर्यतीत उतरणार होती, तीही सासऱ्यांच्याच जुन्या मोटरसायकलवर. अकरा महिने तिने सराव केला होता आणि नेमक्या आदल्या दिवशी साखळी वाजू लागली होती.

"गाडी शर्यतीची का?" काउंटरवाल्याने दोनदा विचारले. सासऱ्यांनी दोन्ही वेळा उत्तर दिले नाही, सूनबाईने दिले.

"मग कंपनीचा घ्या, आपोआप चालणारा. लावा आणि विसरा," काउंटरवाला मोठ्याने म्हणाला.

"तसाच विसरलो होतो," सासरे म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी. सातव्या वळणावर बंद इंजिन घेऊन बसलो आणि सगळी शर्यत शेजारून निघून गेली."

सूनबाईने एक लालभडक, नवाकोरा, हाताने पिळायचा टेन्शनर उचलला. "हा छान दिसतोय."

"गळ्यात घालायचाय का इंजिनात?"

तिने तो उजेडात धरला आणि खाली ठेवला. "नको. आटे मोठे आहेत. जरा पिळला की फार पुढे जाईल."

"शिकलीस की. तुझ्या नवऱ्याला अजून नट कुठला नि बोल्ट कुठला ते सांगावं लागतं." असे म्हणत सासऱ्यांनी डब्यात हात घातला आणि मी बाहेर आलो. त्यांनी माझ्या आट्यांवरून नख फिरवले. सूनबाईने गाडीवरून काढून आणलेला जुना टेन्शनर माझ्याशी जुळवून भोकांमधले अंतर पाहिले. माझे टोक सपाट आहे ना, तेही पाहिले.

"चेकनट नवा घेऊ," सासरे म्हणाले, "आणि खाली तांब्याचा वॉशर. तेल गळायला नको."

मित्रांनो, इतक्या बारकाईने मला तोवर कोणी निवडले नव्हते. सासऱ्यांच्या मुठीतून घरी जाताना मला माझ्या चेकनटाचाही भार वाटेना.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मला बसवण्यात आले. इंजिन गरम झाले. आतला आवाज ऐकण्यासाठी सासऱ्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, मला हळूहळू पिळले आणि थांबले.

"झालं. गप्प बसली."

ती गप्प बसलेली नव्हती. साखळी आत अजून आपटत होती आणि तिचा प्रत्येक धक्का माझ्या टोकापर्यंत येत होता. ती कडकड हीच आमची हाक. दुसरी भाषा आम्हाला येत नाही.

"बाबा, अजून वाजतेय."

"ते व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह वाजतातच."

"व्हॉल्व्ह नाहीत, बाबा."

"बरं, तुझ्या समाधानासाठी," म्हणत त्यांनी मला आणखी अर्धा फेरा दिला. आणि साखळी कण्हू लागली. तो सूर मला पाठ होता. उद्या या स्थितीत गाडी धावली तर गाईड पट्टी चढणीवरच खलास. आणि आधीच्या स्थितीत धावली असती तर साखळीने दाता सोडला असता. सूनबाईने इंजिन बंद केले.

"बंद का केलीस?"

"आता ती रडायला लागली होती. तुम्हाला ऐकू आलं नाही."

सासरे स्वच्छ पाना फडक्याने पुसत राहिले.

"कधीपासून?" तिने विचारले.

"तू घरात यायच्या आधीपासून. बारीक आवाज गेले. जाडे राहिलेत. तुझी सासू बोलते ते सगळं येतं."

"मग इतक्या गाड्या कशा दुरुस्त केल्यात?"

"निम्म्या बोटांनी. निम्म्या, व्हॉल्व्ह वाजतात असं सांगून." त्यांनी पाना तिच्यापुढे धरला. "घे. उद्या चालवणारी तू. तूच पीळ."

तिने प्रयत्न केला. पण तिच्या कानाला जे कळत होते ते हाताला कळेना; मी कधी उगाच मागे, कधी उगाच पुढे. तिने पाना परत दिला.

"पाना तुम्हीच धरा. मी तुमच्या खांद्यावर हात ठेवते. आवाज थांबला की हात उचलेन."

इंजिन पुन्हा सुरू झाले. त्यांनी मला बेताबेताने सैल केले. कण्हणे थांबले, कडकड आली. मग इतक्या सावकाश पुढे आणले की टर्नरने पाहिले असते तर त्याने मान डोलावली असती. साखळी निवली आणि त्याच क्षणी खांद्यावरचा हात उचलला गेला. पाना थांबला. साखळी जेथे कण्हली होती, तेथून बरोबर पाव फेरा मागे.

"बोटालाही इथंच लागतंय," सासरे म्हणाले.

एका पान्याने तिने माझे डोके धरले, दुसऱ्याने त्यांनी चेकनट आवळला. नट आणि बोल्ट यांच्यावरून पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढली. मी केसभर फिरलो तर रेघ तुटलेली दिसावी, म्हणून.

आणि मग रविवार. झेंडा पडला तसा इंजिनाने जो आवाज काढला, तो बिस्किटांच्या डब्यात मी स्वप्नातही ऐकला नव्हता. एक वळण, दोन, तीन. तेल उसळते आहे, सगळे अंग तापते आहे, साखळी डोळा ठरू नये इतक्या वेगाने धावते आहे. सातव्या वळणाला सूनबाईने अॅक्सिलरेटर एकदम सोडला आणि लगेच पूर्ण पिळला. साखळीची सगळी ओढ त्या एका निमिषात माझ्यावर आली. बावीस वर्षांपूर्वी सासऱ्यांचा आपोआप चालणारा येथेच सरकला होता. मी सरकलो नाही. आठवे वळण आले, नववे आले आणि चढण संपली.

तिचा क्रमांक चौथा आला. सासरे वर कठड्यापाशी उभे होते. इंजिनाचा आवाज जाडा होता. त्यांना तो दोन वळणे आधीच ऐकू आला होता. ते माझ्यापाशी उकिडवे बसले. रेघ अखंड होती. भोवती त्यांच्या ओळखीचे सारे मेकॅनिक जमलेले असताना त्यांनी मोठ्याने म्हटले, "सूनबाई, मला बारीक ऐकू येत नाही. कान दे आणि सांग, वाजतेय का?"

तिने कान दिला. "नाही, बाबा."

"मग हात लावायचा नाही," ते म्हणाले आणि उठले.

मित्रांनो, यंत्रांना पुसा, तेल द्या, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझी विनंती निराळी आहे. यंत्र वाजले की ऐका. ऐकू येत नसेल तर तसे सांगून शेजारच्याचा कान मागा. आणि आवाज थांबला की तुमचाही हात थांबवा.