विनीतने वळलेला क्रूस

...क्रूसाची एक बाजू जराशी खाली वळली होती. कालपर्यंत सरळ होती, की आपलंच लक्ष नव्हतं? येशूच्या तसबिरीमागे खोचलेला, माडाच्या कोवळ्या पातीचा, वर्षभरात पिवळ्याचा तपकिरी झालेला तो वीतभर क्रूस रेजिना चहा गाळता गाळता बघत राहिली आणि चहा कपाबाहेर गेला. गेल्या ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी विनीतने तो वळला होता — इथेच, ओट्याला टेकून, जहाजावर दोराच्या गाठी कशा मारतात ते आईला दाखवत दाखवत. आणि नंतर थोड्याच दिवसांत तो जहाजावर गेला होता.

आज तो क्रूस द्यायचा होता. दरवर्षीची रीत. राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी घराघरांतल्या जुन्या झावळ्या चर्चमध्ये जमा होतात, त्या जाळतात, आणि तीच राख बुधवारी फादर कपाळाला लावतात — माणसा, तू माती आहेस. इतकी वर्षं रेजिना ती राख कपाळावर घेऊन घरी आली होती आणि मुकाट्याने वाटण वाटायला बसली होती. माती तर माती, त्यात काय एवढं! यंदा मात्र...

यंदा जहाजाचा पत्ता नव्हता. नाताळच्या आठवड्यात आखातातून निघालेलं जहाज मध्येच कुठेतरी गप्प झालं. कंपनीचा माणूस फोनवर ‘शोध चालू आहे’ म्हणाला, आणि पुढे पुढे तेही म्हणेनासा झाला. फोन आला त्या पहिल्या संध्याकाळी सुनेला, शमिकाला, सावरायचं म्हणून रेजिना बोलून गेली होती, “तो क्रूस बघ. तो हाय ना तिथं, तोपर्यंत आपला विनीत पण हाय.” बोलून गेली खरी, पण पोरीने ते घट्ट धरून ठेवलं. सकाळ-संध्याकाळ ती तसबिरीसमोर उभी राही. प्रार्थना करतेय असं वाटे, पण क्रूस जागेवर आहे ना, एवढंच ती बघत असे. आणि मी? मी तरी वेगळं काय करत होते?

“आई, तो नका नेऊ,” शमिका स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

“न्यायचा असतो गो.”

“एक वर्ष नाय नेला तर देव रागावणार हाय काय?”

रेजिनाने तसबिरीकडे हात नेला. तिने क्रूस पिशवीत घातला. शमिकाने तोंड फिरवलं, आणि सासू निघाली तरी ती वळली नाही.

वरच्या कातळसड्यावर कुणीतरी सुक्या गवताला आग लावली होती. मोहोराच्या वासात धूर मिसळून घसा खवखवत होता. कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर डोक्यावरून समुद्राकडे गेलं. रोजचंच ते, पण रेजिनाचे पाय थांबले. इतक्या लांबच्या जहाजाला हे काय शोधणार, हे कळत होतं, तरी ते दिसेनासं होईपर्यंत ती उभी राहिली... परत फिरावं का? की माडाखालची एखादी वाळकी पात उचलून द्यावी? देवाला थोडंच फसवायचंय, फक्त झावळ्या गोळा करणाऱ्या पास्कूला! तिला हसू आलं, आणि पाठोपाठ ते विरलं. आज दिला आणि उद्या नको तो फोन आला तर? शमिका जन्मभर म्हणेल — तुम्ही त्याला जाळलंत.

चर्चच्या पडवीत म्हातारा पास्कू पत्र्याचा डबा घेऊन बसला होता. झावळ्या गोळा करायचं काम दरवर्षी त्याचंच.

“विनीतने वळलेला हाय,” ती म्हणाली. का म्हणाली, कुणास ठाऊक.

पास्कूने तिच्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं. “मग ऱ्हाऊंदे तुझ्याकडंच. मी नाय कोणाला सांगणार.”

इतकं सोपं होतं तर! तिने हायसं वाटून क्रूस चाचपायला पिशवीत हात घातला, आणि हाताला लागला तो भुगा. वाटेत कधीतरी, भीतीने पिशवी छातीशी आवळताना, तिने स्वतःच तो चुरडला होता. क्रूसाचा एक हातच गळून पडला होता. आता काहीतरी होईल, असं वाटून तिने श्वास रोखला. पास्कू खोकला. रस्त्यावरून एसटी गेली. आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली — ह्या वाळक्या पातीवर मी माझ्या पोराचा जीव टांगला होता? आणि त्या पोरीलाही टांगायला लावला?

तिने पिशवी डब्यात उलटी केली आणि आत जाऊन गुडघे टेकले. परत आण, परत आण — इतके दिवस हेच चाललं होतं, तेसुद्धा त्या पातीकडे बघत. आज ते शब्द आलेच नाहीत. तो कुठे असेल... काळोखात, पाण्यात, की कुणाच्या कैदेत... तिथे तू आहेस ना? आहेस. तुला तर आईसमोरच क्रूसावर मारलं होतं, तुला हे माहीत आहे. मला काही सांगू नकोस. जवळ आहेस, एवढं त्याला सांग.

भीती होती तिथेच होती. फोन उद्याही वाजू शकत होता. पण गालांवरून पाणी वाहत होतं, मिस्साच्या प्रार्थनेला येणारे लोक बघत होते, आणि तिने ते पुसलं नाही. रडलं म्हणजे तो गेला हे कबूल केलं, असं धरून त्या दोघी इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी जेवत होत्या. आता घरी जायचं होतं. शमिका रागावणार होती, कदाचित बोलणारही नव्हती. तिच्या शेजारी बसून तिला सांगायचं होतं — रड बाय, आपण रडल्याने तो मरत नाही.