टिकारामच्या खांद्यावरचं लोणी

भोजराज जळायचा. माणूस शेजाऱ्याच्या धानावर जळतो, भावकीच्या बैलजोडीवर जळतो. हा बाबा आपल्याच सालदारावर जळायचा, आणि तेही कशावरून, तर पाच वर्षांच्या पोरीच्या बोलण्यावरून.

रत्ना त्याची एकुलती एक. लग्नाला नऊ वर्षं उलटल्यावर, बायकोनं, कुंताबाईनं, सगळे देव पाण्यात ठेवल्यावर झालेली. पण कारध्याजवळच्या त्या गावात भोजराज म्हणजे मोठा कर्ता माणूस. तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी सोडायचं इथपासून कोणाची सोयरीक कुठे जुळवायची इथपर्यंत, त्याच्यावाचून पान हलायचं नाही, त्यामुळे घरात त्याचा पाय टिकायचा नाही. पोरगी दिवसभर असायची टिकारामच्या मागेमागे. टिकाराम पन्नाशीचा, मागेपुढे कोणी नसलेला, अकरा वर्षांपासून याच घरी सालानं राहिलेला.

संध्याकाळी बैल बांधून झाले की पाय धुता धुता तो सुरू व्हायचा.

"मालक, आज रत्नाबाईनं काय म्हटलं, आयका. म्हणे, काका, धान रातभर पाण्यात उभं राह्यते, त्याले पडसं नाही होत का?"

कुंताबाई पदर तोंडाला लावून हसायची. भोजराजही हसायचा, पण मासोळीचा काटा घशात अडकल्यासारखा. पोरीचं बोलणं त्याला मिळायचं ते असं, गड्याच्या तोंडून, शिळं होऊन. मग तो रत्नाला मांडीवर ओढायचा. "काय म्हटलं व तू? मले सांग ना एकदा."

"ते त झालं ना आता," असं म्हणून पोरगी उठून जायची.

एकदा तिनं मिरचीच्या वाडीतल्या बुजगावण्याला आपल्या वाटची भाकर नेऊन दिली आणि टिकारामला दम भरला, की याले सकाळपासून उभं ठेवलं, आता बसू द्या. टिकारामही असा, की त्यानं खरंच ते उपटून बांधाला टेकवून बसवलं. दुपारभर पोपटांनी मिरच्यांची मजा केली. भोजराज त्या दिवशी खूप ओरडला. मिरच्यांपायी ओरडतो असं त्यानं सगळ्यांना सांगितलं, पण खरं दुःख हे, की बुजगावणं बसलं तेव्हा आपण तिथे नव्हतो.

पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा त्यानं ठरवलं, एक अख्खा दिवस पोरीचा आणि आपला. बैलांच्या झुली घ्यायच्या होत्या, रत्नासाठी पोरांच्या तान्ह्या पोळ्यात मिरवायचा लाकडी बैल घ्यायचा होता. तिला घेऊन तो एसटीनं भंडाऱ्याला निघाला. गाडी खच्चून भरलेली. पोरीला खिडकीशी जागा मिळाली, तो उभा. आता बोलेल, मग बोलेल, म्हणून तो तिच्या तोंडाकडे टक लावून. पोरगी आपली बाहेर पाहत राहिली. पुलावर त्यानं वैनगंगा दाखवली. "केवढी नदी आहे, पाह्य." "हो," ती म्हणाली. भांड्यांच्या दुकानात पितळी गुंडात तिचंच वाकडं तोंड दाखवलं. "हो." जिलेबी खाऊ घातली, तर अर्धी खाल्ली आणि अर्धी कागदात गुंडाळून घेतली. परतताना ती झोपून गेली.

गावात उतरताच मात्र तिचे डोळे टक्क उघडले आणि ती सरळ बैलांच्या कोठ्याकडे पळाली. भोजराज झुलींचं गाठोडं सावरत मागे. दाराशी पोचला तर आतून आवाज आला.

"काका, ही जिलेबी तुमची. आन बसमंदी एका बाईची कोंबडी होती. सीटखाली मस्त बसून, तरी तिले तिकीट नाही. आन बाबा बिचारे सारा रस्ता उभे, तरी त्याईले पुरं तिकीट."

टिकाराम खो खो हसत सुटला. भोजराज दाराबाहेरच थांबला. दिवसभर तो ज्याची वाट पाहत होता ते हेच. तिकीट त्यानं काढलं आणि मजा गड्यानं लुटली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचा आणखी राग आला.

त्या दिवशी जेवताना त्यानं कुंताबाईला सांगून टाकलं, "पोळा झाला का टिकारामले जाय म्हणतो. त्याचा भाचा चिखल्याच्या खाणीत आहे, तो बलावूनच राहिला."

"धान कापाच्या आदी गडी काढणारे तुमीच पयले. त्यानं केलं तरी काय?"

काय सांगणार? माझ्या पोरीला हसवतो म्हणून? "माणूस जुना झाला का डोक्यावर बसते," तो म्हणाला.

कुंताबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुमी जळून राहिले," एवढंच बोलली आणि वरण वाढलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून तिथे घट्टे पडलेले असतात. त्यांवर पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळायचं आणि बैलाला हात जोडून म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." भोजराजनं दोन्ही बैलांचं यथासांग केलं. उरलेल्या लोण्याची वाटी आत ठेवायला रत्नाच्या हाती दिली आणि हात धुवायला विहिरीवर गेला. तिथे शेजाऱ्याशी दोन गोष्टी झाल्या.

परत येऊन पाहतो तर टिकाराम बंडी काढून उकिडवा बसलेला, आणि रत्ना त्याच्या उघड्या खांद्यावर पळसाच्या पानानं लोणी चोळते आहे, अगदी रीतीप्रमाणे. चोळून झाल्यावर तिनं हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"येतो, माय," टिकाराम म्हणाला. त्यानंही हात जोडले.

भोजराजच्या अंगाचा तिळपापड झाला. "टिकाराम, तुले लाज नाही वाटत? मालकाच्या पोरीकडून खांदे चोळून घेऊन राहिला?"

टिकाराम धडपडत उठला. "मी नाही म्हटलं, मालक. आयकलंच नाही तिनं."

"उद्याचा पोळा होऊन जाऊ दे, मंग तू..."

"काकाले नका बोलू," रत्ना मधे आली. "त्याईचा खांदा दुखते. ते पाण्याची कावड आनतात ना."

"आन मी? मी काही करत नाही का? मले खांदे नाहीत?"

बोलून गेल्यावर भोजराजला कळलं की आपण काय बोललो. पाच वर्षांच्या पोरीशी तो पाच वर्षांच्या पोरासारखा भांडत होता. रत्ना मात्र गोंधळून त्याच्याकडे पाहू लागली.

"तुमाले कायले दुखंन? मी विचारलं होतं ना. तुमी युरियाचं पोतं उतरवलं, तवा विचारलं. तुमी म्हटलं, मले काही होत नाही, जाय खेळ. कालबी विचारलं. कालबी म्हटलं, जाय खेळ." तिनं थोडा विचार केला. "काकाले विचारलं का ते सांगतात, इथं दुखते, तिथं दुखते. मंग आमी बोलतो."

टिकारामनं आपली पोरगी पळवली असं भोजराजला इतके दिवस वाटत होतं. पळवली कसली? जाय खेळ, जाय खेळ करत त्यानंच तिला रोज कोठ्याकडे धाडली होती. गावात कोणाचं काय दुखतं ते याला ठाऊक, पण आपलं दुखतं हे त्यानं बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

"दुखते," तो म्हणाला.

"कुठं?"

त्यानं सदरा काढला आणि खाली बसला. "हा डावा. लगीत दुखते, रातची झोप नाही येत."

रत्नानं वाटीत बोट फिरवलं. वाटी कोरडी होती. "मंग आदी काहून नाही सांगतलं, बाबा? सारं लोणी काकाले लागलं ना." ती जराशी कावरीबावरी झाली, मग तिचं तिलाच सुचलं. तिनं टिकारामचा हात ओढून त्याला बापाच्या शेजारी बसवलं, त्याच्या खांद्यावरून तळहातांनी पिवळं लोणी निपटून काढलं आणि तेच हात बापाच्या खांद्यावर ठेवले.

टिकाराम घाबरून अर्धा उठला. "मालक, माह्या अंगावरचं नका लावून घेऊ. मी आतून ताजं आनतो."

"बस खाली," भोजराज म्हणाला. त्यानं खांदा पोरीच्या हाताखाली आणखी थोडा सरकवला. "रत्ना, टिकारामपरीस मले जास्त दुखते. त्याच्याकडचं आनखी आन."